तीन कामांची एक रायफल

हुजूर, माझी ज्वारी तुम्ही खाल्ली. डुकरांवर माझा काही आरोप नाही. डुकराला भूक असते, अक्कल नसते. आणि त्याने मला कधी "उद्या या" असं सांगितलेलं नाही. ते आलं, खाल्लं, गेलं. तुम्ही मात्र दोन वर्षं माझ्या अर्जावर बसून राहिलात आणि तेवढ्यात माझ्या आठ एकरांतलं पहिल्यापाठोपाठ दुसरं पीकही डोंगरात गेलं. आता तिसरं उभं आहे. तुम्ही नोटीस पाठवून आठ दिवसांत जवाब मागितला आहे. हा घ्या जवाब. जरा लांब आहे. वाचायचा कंटाळा आला तर कागद पुढे ठेवणाऱ्या तुमच्या पेशकाराकडून वाचून घ्या, त्याला तरी काम मिळेल.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहितो तो मी, रामकिशन मुन्शी. शाळा मी तीन बुकांपर्यंत पाहिली. बाकीची मराठी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलो आणि उर्दू तुमच्या नोटिसा वाचून शिकलो, त्यामुळे माझ्या उर्दूत गोड शब्द एकही नाही. माझ्या हातच्या अर्जाने कोणाचा बैल कोंडवाड्यातून सुटला, कोणाचा बांध परत मिळाला, एकाची तर रुसलेली बायको माहेराहून आली. अशा माणसाला स्वतःसाठी एक, फक्त एक, अर्ज लिहायची वेळ आली. आणि काय झालं ते आता ऐका.

कयाधू नदीच्या काठाला माझं शेत. पलीकडे डोंगर, डोंगरात डुकरं. सरकारच्या महसुली सालाप्रमाणे, फसली तेराशे सेहेचाळीस साली संक्रांतीच्या आधी एका पहाटे जाऊन पाहतो तर निम्मी ज्वारी आडवी. जेवढी खाल्ली त्याच्या तिप्पट लोळून मोडली होती. माणूस पंगतीत जेवून उठतो, पत्रावळीवर लोळत नाही. डुकराला एवढीही रीत नाही. मी त्याच बांधावर उभं राहून ठरवलं की बंदूक घ्यायची.

हे ठरवायला मला एक सकाळ लागली. कोणती घ्यायची ते ठरवायला गावाला अडीच महिने लागले.

पहिला सल्ला भीमसिंग जमादाराचा. हे हिंगोलीच्या छावणीतले पेन्शनर. छावणी उठून पस्तीस वर्षं झाली, पण जमादारांची अजून उठलेली नाही. अजून पहाटे उठून अंगणात चालतात आणि वळताना टाच आपटतात.

"मुन्शीजी, दुनळी घ्या," ते म्हणाले. "एक नळी डुकरासाठी. दुसरी, पहिली चुकली तर."

"आणि दुसरी चुकली तर?"

"तर पळायचं. म्हणून तर म्हणतो, जड बंदूक घेऊ नका."

शेजारचा सोनाजी किराणावाला. त्याने जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, म्हणून त्याला सगळं ठाऊक होतं. "ठासणीची घ्या, मुन्शीजी. गोळ्या सरल्या तर खिळे घाला, खडे घाला, काय बी घाला. माझ्या दुकानात खिळे हायेत."

"सोनाजी, मी डुक्कर मारायला निघालोय. दाराची चौकट ठोकायला न्हाई."

"रागावू नका. डुक्कर बी मरंल आन् उरलेल्या खिळ्यांत चौकट बी व्हईल."

माझ्या शेताला लागून तांड्यातल्या थावराचं शेत. थावराकडे एक गोफण आहे, त्याच्या बापाच्या हातची. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभा राहून तो दीडशे पावलांवरच्या बाभळीचा ठरवलेला काटा पाडतो. तो म्हणाला, "मुन्शीजी, बंदूक काहून पायजे? म्या तुमाला गोफण वळून देतो. धोंडे नदीत मोप."

मी हसलो. आता लिहिताना ते हसू मला आठवतं आणि कान गरम होतात. पण तेव्हा मी सूचीपत्र मागवलेलं होतं, आणि ज्याच्या हातात सूचीपत्र असतं तो गोफणीचं ऐकत नाही.

सूचीपत्र हैदराबादेहून आलं. चाळीस पानं, प्रत्येक पानावर बंदुका. ते मी आठ दिवस वाचलं. थावरासारखे लोक बोटाने शिकतात, मी कागदाने शिकतो. मला तीन कामं करायची होती. एक, पिकाची राखण. दोन, कधीमधी ससा-हरणाची शिकार. घरात पाहुणा आला की दरवेळी वांग्याची भाजी बरी दिसत नाही. तीन, निशाणेबाजी, कारण दसऱ्याला आमच्याकडे नारळ टांगून नेम धरतात आणि मी आजवर फक्त नारळ फोडून वाटायच्या कामाला होतो. तीन कामांना तीन बंदुका घ्यायला मी काही जहागीरदार नाही. म्हणजे एकीनेच तिन्ही कामं केली पाहिजेत.

बारीक मापाची रायफल बघितली. गोळी स्वस्त, नेमाला झकास. पण डुकराला वाटेल गोमाशी चावली, आणि ते खाजवायला म्हणून आणखी दोन ओळी लोळेल. मोठ्या मापाची बघितली. तिने डुक्कर पडेल, त्याच्या मागचं डुक्कर पडेल आणि झाडणाराही पडेल. शिवाय गोळी एवढी महाग की नेमाचा सराव वर्षातून एकदा, तोही सणाला. फौजी मापाची घ्यायला बंदी. मग राहिली मधली. एका वेळी एक गोळी. खालची दांडी ओढली की तोंड उघडतं, गोळी घालायची, दांडी मिटायची. वापरलेली, पण लाकूड शाबूत. किंमत ऐकून शालूबाई, म्हणजे माझं कुटुंब, फक्त एकदाच "अगं बाई" म्हणाली. बैल घ्यावा तशी बंदूक घ्यावी, हुजूर: नांगराला चालला पाहिजे, गाडीला चालला पाहिजे आणि पोळ्याला मिरवताही आला पाहिजे. ही निवड बराबर होती. आजही म्हणतो बराबर होती. जे बिघडलं ते पुढे, तुमच्या दारात.

परवान्याच्या अर्जात एक खाना आहे: "गरज". मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: पीकराखण, शिकार व निशाणेबाजी.

पेशकाराने कागद नाकाजवळ नेला. "मुन्शीजी, यात तीन गोष्टी आहेत."

"तीन आहेत म्हणून तीन लिहिल्या."

"खाना एक आहे."

"मोठा आहे की. मावल्या."

"एका परवान्यात एक गरज. तीन गरजा तर तीन परवाने. एका परवान्यावर एक बंदूक, म्हणजे तीन बंदुका घ्याव्या लागतील."

"पण मला एकच हवी आहे!"

"मग दोन गरजा मारा," पेशकार म्हणाला. डुकरं सोडून बाकी सगळं मारायची परवानगी मला त्या कचेरीत लगेच मिळत होती.

मी पीकराखण ठेवली. त्यासाठी नुकसानीची पाहणी लागते. पाहणीला महसुलाचे गिरदावर आले ते वैशाखात, शेत नांगरून झाल्यावर. ढेकळांत उभे राहून त्यांनी विचारलं, "नुकसान कुठे आहे?"

"डुकरांच्या पोटात."

"डुकरं कुठे आहेत?"

"डोंगरात."

त्यांनी लिहिलं: 'मौक्यावर नुकसान आढळले नाही. डुकरेही आढळली नाहीत.' दोन्ही वाक्यं खरी आहेत. इतकं खरं लिहिणारा माणूस मी पाहिला नाही.

मग शिकार ठेवून नवा अर्ज केला. जंगलवाल्यांनी विचारलं, कोणतं जनावर, किती, आणि कोणत्या तारखेला? मी म्हणालो, जनावराला विचारून सांगतो. हे बोलणं कागदावर चढलं आणि 'अर्जदार उद्धट आहे' असा शेरा आला. तेवढ्यात फसली साल बदललं. पेशकार म्हणाला, अर्ज गेल्या सालचा, साल संपलं, अर्ज संपला. पुन्हा लिहा. दुसरी ज्वारी त्या पुन्हा लिहिण्यात गेली. पुढच्या पोलीस चौकशीत माझ्याबद्दल लिहिलं गेलं: 'चालचलन ठीक. परंतु लिहितो.' हुजूर, ही ओळ मी चोरून वाचली हे कबूल करतो. त्या रात्री मला अभिमानाने झोप आली नाही.

शेवटी उरलेली तिसरी गरज लिहिली आणि तेराशे सत्तेचाळीसच्या भाद्रपदात परवाना आला. निशाणेबाजीचा. कारण निशाणेबाजीला कोणत्याच खात्याची हरकत नव्हती. ती कोणत्याच खात्याची नव्हती. त्यावर लिहिलं होतं: 'फक्त फळीवर. इतर कशावरही गोळी झाडल्यास परवाना रद्द.'

मी तो शालूबाईला वाचून दाखवला.

"म्हंजी डुकराला मारायचं न्हाई?"

"न्हाई."

"आन् फळीला मारायचं?"

"व्हय."

"अवो, पर फळी आपलं काय खाती?"

थावरा बांधावर बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "मुन्शीजी, सोपं हाय. डुकराच्या कुशीवर चुन्यानं गोल काढा. मंग ते फळीच झालं की."

"आणि गोल काढताना त्याला धरणार कोण?"

"ते तुमच्या कागदात बघा."

पण मी मुन्शी आहे, हुजूर. कागदातून वाट काढणं हाच माझा धंदा. दोन दिवसांत मला वाट सापडली. फळी शेतातच उभी करायची, डुकरं ज्या वाटेने येतात त्या वाटेवर. गोळी फळीला, आवाज डुकराला! कायद्यात गोळीबद्दल लिहिलं आहे, आवाजाबद्दल काही नाही. मी हे जमादारांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून मला सलाम केला. छावणी उठल्यापासून त्यांनी कोणाला केलेला तो पहिला सलाम.

रायफल आली, आणि दसरा आला. आता इथे जरा थांबा, कारण सगळं घोडं इथे अडलं.

दसऱ्याला आमच्या घरी विळा, खुरपं, नांगराचा फाळ आणि माझी दौत-लेखणी यांची पूजा असते. यंदा त्यांच्या मधोमध रायफल पाटावर. शालूबाईने तिला नव्या सुनेसारखी आत आणली. हळद, कुंकू, पंचामृताचा शिंतोडा, झेंडूची माळ. आळीतल्या अकरा बायका आल्या आणि प्रत्येकीने अक्षता वाहिल्या. नळीच्या टोकाला वर एक लहानसा उंचवटा असतो, जमादार त्याला माशी म्हणतात. डोळा, माशी आणि निशाण एका ओळीत आले की नेम. बायकांना ते काय ठाऊक? त्यांना ते कपाळासारखं दिसलं. अकराजणींनी तिथेच कुंकू लावलं आणि कुंकवावर अक्षता चिकटवली.

मी दुसऱ्या दिवशी फडकं घेतलं तर शालूबाईने हात धरला. "पूजेचं पुसायचं नसतंय. आपलं आपण गळून पडू द्या."

आमच्या घरात असाच नियम आहे. दाराच्या चौकटीवर तीन वर्षांमागचं कुंकू आहे. मी फडकं ठेवलं. आणि रायफल वापरून बघायचा प्रश्नच नव्हता, कारण गोळ्यांचा परवाना वेगळा असतो आणि तो तुम्ही पौषात दिलात. तीन महिने ती माझ्या भिंतीवर टांगलेली होती. सोनाजी रोज येऊन विचारायचा, "मुन्शीजी, आज किती मारली?" आणि मी म्हणायचो, "तुझ्या दुकानातल्या माशांएवढी."

पंचवीस गोळ्या आल्या. संक्रांतीला चार दिवस होते. जुन्या दाराची फळी मी कमरेएवढ्या उंचीच्या खांबावर ठोकली. शालूबाईने चुन्याने गोल काढला. हाताच्या सवयीने आत रांगोळीचे सात ठिपकेही घातले. दिवस मावळायला टेकला होता. मी माझ्या माळ्यावर, थावरा त्याच्या माळ्यावर गोफण घेऊन.

ज्वारी हलली. फळीच्या बराबर खालून एक नर बाहेर आला. सुळे पांढरे, मान टोणग्याची. मी फळीवर नेम धरला. हुजूर, फळीवरच धरला. गोलावर, मधल्या ठिपक्यावर. श्वास रोखला आणि घोडा ओढला.

मी बसलो. म्हणजे रायफलीनेच मला बसवलं. धूर गेल्यावर बघतो तर फळी जशीच्या तशी, सातही ठिपके शाबूत, आणि खाली डुक्कर आडवं.

"मारलं!" थावरा ओरडला. "मुन्शीजींनी मारलं! एका गोळीत!"

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे असतात की तेव्हा तोंड उघडायला पाहिजे. मी उघडलं नाही. तांड्यातून माणसं धावत आली, काठीला बांधून डुक्कर वाजतगाजत नेलं, मला पुढे चालवलं. थावराची आई मिराबाई हिने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सोनाजीने तोंडात बोट घातलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. रात्री शालूबाईने लग्नानंतर पहिल्यांदा न विचारता दुसऱ्यांदा तूप वाढलं. "माझ्या दादाला कळवते," ती म्हणाली. तिचा दादा मला बावीस वर्षं 'कागदी' म्हणतो. आता सांगा, त्या तुपानंतर कोण खरं बोलेल?

बातमी जवळा बाजार गावापर्यंत गेली तोवर दोन डुकरं आणि एक बिबट्या झाला होता. तिथून ती तुमच्याकडे आली. चौथ्या दिवशी पोलीस जवान येऊन रायफल जप्त करायला दारात उभा. जमादार तिथेच होते. रायफल जाण्याआधी त्यांनी ती डोळ्याला लावली आणि एकदम खाली घेतली.

"मुन्शीजी, ये क्या है? माशीवर भात शिजवला का?"

कुंकू वाळून दगड झालं होतं, त्यावर एक अक्षता उभी होती, खांबावर दिवा ठेवावा तशी.

"माशी वाढली की नळी खाली जाते," जमादार म्हणाले. "हातभर खाली. तुम्ही फळीवर धरला असेल तर गोळी..." आणि ते थांबले. शालूबाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जुन्या शिपायासारखी टाच आपटून रायफल जवानाच्या हातात दिली. पण शालूबाई अडाणी असली तरी मूर्ख नाही.

"फळीवर धरला व्हता?"

मी परवान्यावरचा शिक्का वाचत होतो.

आता तुमची नोटीस. तीत दोन गोष्टी आहेत. एक: डुकरावर नेम धरला असेल तर ती बेकायदा शिकार, रायफल सरकारजमा. दोन: फळीवर धरून चुकला असेल तर अर्जदार निशाणेबाजीस नालायक, परवाना रद्द, रायफल सरकारजमा. आणि खाली, मुद्देमाल म्हणून डुक्कर हजर करावे.

डुकराबद्दल मी थावराला विचारलं. तो म्हणाला, "ते तर सगळ्या तांड्यानं त्याच दिशी हजर केलं, पोटात. हाडं हायेत. चालतील का?" सोबत हाडांचं एक गाठोडं जोडलं आहे. पोच द्यावी.

रायफल दोन्ही वाटांनी जातेच आहे. मग शहाण्या माणसाने निदान इभ्रत राखावी, 'होय, डुकरावरच धरला' असं लिहावं आणि तूप खात बसावं. सोनाजीने तेच सांगितलं. मी कालची अख्खी दुपार तसं लिहायला बसलो होतो. पण खोटं मी फक्त दुसऱ्यांच्या अर्जात लिहितो. माझ्या अर्जात मला ते जमत नाही असं दिसलं. शालूबाई चुलीपाशी होती. मी म्हणालो, "खरं लिहितोय."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "लिवा. पर अक्षता आमी लावली हे बी लिवा. आन् दादाला मी कायबी कळवलेलं न्हाई अजून. बरं झालं."

म्हणून लिहितो. मी फळीवर नेम धरला. चुकला. हातभर खाली गेला. कारण: एक अक्षता, जी सध्या मुद्देमालासह तुमच्या मालखान्यात आहे, तपासून घ्यावी. तूप बंद झालं आहे.

आणि ज्वारी? ती उभी आहे, पोटरीतून बाहेर पडलेली, दाणा भरलेला. काढणीला पंचवीस दिवस. डुकरांना रायफल जप्त झाल्याचं कसं कळतं देव जाणे, पण काल पुन्हा बांधाशी खुरांच्या खुणा आहेत. थावरा आता दोन्ही शेतं गोफणीने राखतो आहे. मी त्याच्याकडून फिरवायला शिकतो आहे. काल माझा पहिला धोंडा मागे गेला आणि सोनाजीच्या पत्र्यावर वाजला. गोफणीला परवाना लागत असेल तर तसं कळवा. अर्ज मी लिहीन.

पण त्याआधी माझा एक प्रश्न आहे, आणि त्याला आठ दिवसांची मुदत मीही घालतो. मी फळीवर नेम धरला आणि डुकराला लागला, म्हणून मी नालायक. तुम्ही माझं पीक राखायचा अर्ज समोर घेऊन बसलात; दोन वर्षं नेम धरलात; आणि गोळी लागली ती पीक राखणाऱ्याला. डुकरं शाबूत. तुमच्या माशीवर तर अक्षताही नव्हती.

मग हुजूर, तुमचा परवाना कोण रद्द करणार? जवाब द्या.